मुक्काम हलल्यानंतर
(शताब्दी सोहळ्यातील भाषणाचे शब्दांकन)

आम्ही म्हणजे दिंडीची व्यवस्था बघणारी मंडळी. तंबू ठोकणारे, टँकर आणणारे, चूल पेटवणारे. कीर्तन-प्रवचन आमचा प्रांत नव्हे. म्हणून आम्हाला विषय दिला तो कचऱ्याचा. विषय ऐकून मागं दोन-चार जण हसले, ते आम्ही पाहिलं. हसायला हरकत नाही. आम्हीही एके काळी हसलो होतो. पण ज्या दिवशी हसू थांबलं, त्या दिवसापासूनच बोलायला सुरुवात करतो.

पालखी मार्गावरच्या एका गावात आपला मुक्काम एकाच मळ्यात असायचा. आजचे मालक, त्यांचे वडील, त्यांचे आजोबा, तीन पिढ्या आपली दिंडी तिथं उतरली. आषाढात पाऊस झाला की प्रत्येक शेतकऱ्याला पेरणीची घाई असते. पण हा माणूस तो तुकडा मोकळा ठेवायचा आणि म्हणायचा, "माउली येऊन जाऊ द्या, मग तिफण धरू." काही वर्षांपूर्वी आम्ही नेहमीप्रमाणे जागा विचारायला गेलो. चहा झाला, पाया पडून झालं, आणि मालक खाली मान घालून म्हणाले, "माउली, तुम्हाला नाही म्हणवत नाही. पण औंदा दुसरीकडं बघा. गाय गेली आमची."

गाईचं पोट फुगलं, रवंथ थांबला, चारा सुटला. डॉक्टरांनी पोटातून प्लॅस्टिकचा गोळा काढला, पण गाय उठली नाही. उरलेला भात, भाजी कॅरीबॅगेत घालून, गाठ मारून आपण टाकतो. जनावराला गाठ सोडता येत नाही. वासावर येतं आणि पिशवीसकट गिळतं. पिशवी पचत नाही, पुढंही सरकत नाही. वर्षानुवर्षं पोटात साठत जाते. त्या गोळ्यात आपल्या दिंडीच्या पिशव्या किती आणि दुसऱ्यांच्या किती, हे पांडुरंगालाच ठाऊक. मालकांनी आम्हाला एका शब्दानंही दोष दिला नाही. पण हिशेबात आम्ही होतो, हे आम्हाला कळलं. मुक्काम हलला की आपण टाळ वाजवत पुढं जातो. मागं काय राहतं हे शंभर वर्षांत आपण वळून बघितलं होतं का?

पूर्वी बघायची गरज नव्हती, हेही खरं. पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या असायच्या, द्रोण असायचे. जेवण झालं की पत्रावळी उकिरड्यात, उकिरडा शेतात. पाणी तांब्यात, चहा कपबशीत. नंतर थर्माकोल आलं. २०१८ साली महाराष्ट्रानं थर्माकोलची ताटं, वाट्या बंद केल्या. मग कागदी ताटल्या आल्या. त्या कागदासारख्या दिसतात, पण ज्यातून रस्सा गळत नाही त्या ताटलीला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. कागदी चहाच्या कपाचंही तेच. आता हिशेब करा. दोनशे माणसांची दिंडी धरा. दोन वेळचं जेवण, अठरा दिवस. ७,२०० ताटल्या झाल्या. दोन वेळचा चहा, आणखी ७,२०० कप. ही एका दिंडीची गोष्ट. पालखीबरोबर दिंड्या किती चालतात ते तुम्ही जाणता.

जागा गेल्यावर आम्ही त्या गावच्या ग्रामपंचायतीत गेलो. खरं सांगायचं तर तक्रार करायलाच गेलो होतो, की तुमची घंटागाडी मुक्कामावर येतच नाही. सरपंचताई आणि ग्रामसेवक दोघंही होते. ताई म्हणाल्या, "बसा महाराज. आमची गाडी कशी चालते ते आधी ऐका, मग बोला." त्या दिवशी जे शिकलो ते तुमच्यापुढं ठेवतो, कारण आपल्यातले कितीतरी जण आपापल्या गावात पंच आहेत, सरपंच आहेत, आणि ग्रामसभेत तर आपण सगळेच बसू शकतो.

पहिली गोष्ट वजनाची. कचऱ्याचं नियोजन गाडी घेण्यापासून सुरू होत नाही, तराजूपासून होतं. त्यांनी आठवडाभर गावचा कचरा मोजला होता. घरातून किती, बाजाराच्या दिवशी किती, लग्नसराईत किती. चार हजार वस्तीचं गाव धरा आणि माणशी पाव किलो धरा, रोजचा एक टन होतो. त्यातला ओला किती, सुका किती, हे कळल्याशिवाय गाडी केवढी घ्यायची, खड्डे किती करायचे, माणसं किती लावायची, काहीच ठरत नाही. आणि मुक्कामाच्या रात्री त्याच गावात वस्तीच्या कितीतरी पट माणसं उतरतात. रोजच्या मापावर आखलेली गाडी त्या दिवशी पुरी कशी पडणार?

दुसरी गोष्ट वेगळं करण्याची. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी ज्याच्या घरात कचरा होतो त्यानंच तो तीन भागांत वेगळा करावा असं सांगितलं. ओला, सुका आणि घरातला घातक कचरा. भाताची शितं, भाजीचे देठ, खरकटं हे ओल्यात. बाटली, पुठ्ठा, पत्रा, पिशवी सुक्यात. सेल, बल्ब, रंगाचे डबे घातकात. बायकांचे पॅड कागदात गुंडाळून, खूण करून द्यायचे. हे सगळं घरी करायला घटकाभर लागतो. पण एकदा एकत्र झालं की दुसऱ्या माणसाला त्या घाणीत हात घालून तासन्‌तास निवडावं लागतं. सरपंचताई म्हणाल्या, "महाराज, तुम्ही एका पिशवीत सगळं बांधता ना, ती पिशवी आमची एक बाई सोडते." आम्ही गप्प झालो.

आणि त्याच नियमांतली एक गोष्ट आम्हाला ठाऊकच नव्हती. शंभरांहून जास्त माणसं एखाद्या ठिकाणी जमवायची असतील, तर तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायची जबाबदारी जमवणाऱ्याची. म्हणजे ज्याची तक्रार घेऊन आम्ही गेलो होतो, ते आधी आमचंच काम निघालं!

तिसरी गोष्ट वाटेची आणि वेळेची. गाडी कोणत्या आळीत किती वाजता येणार हे ठरलेलं हवं आणि रोज तेच हवं. आज सातला, उद्या अकराला असं झालं की बाया वाट बघून कचरा नाल्यात टाकतात. ज्या बोळात गाडी शिरत नाही तिथं हातगाडी. मुक्कामाच्या रात्री दर दिंडीशी जाऊन उचलणं जमत नाही, म्हणून त्यांनी जागा नेमून दिल्या, अमुक झाडाखाली ओला, तमुक खांबापाशी सुका. आणि उचल पहाटे, दिंड्या हलायच्या आधी. कारण आषाढातला पाऊस. रात्रभर भिजलेला कचरा जड होतो, त्यातलं पाणी ओढ्याला जातं आणि दोन दिवसांत गावावर माश्या बसतात. आपण तोवर पुढच्या गावाला पोचलेलो असतो. हगवण लागते ती मागच्या गावातल्या लेकरांना.

चौथी गोष्ट, उचललेलं नेऊन करायचं काय? आपल्या बऱ्याच गावांत कचरा उचलणे म्हणजे वेशीबाहेर नेऊन पेटवणे. प्लॅस्टिकचा तो धूर गावातच परत येतो. त्या गावानं विहिरी आणि ओढ्यापासून लांब अशी गायरानातली जागा घेतली, वर पत्रा टाकला. ओल्या कचऱ्यासाठी नाडेपच्या टाक्या बांधल्या. ही पद्धत आपल्याच मातीतली, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांची. विटांची भोकं ठेवलेली टाकी, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. काडीकचरा, शेणकाला, माती असे थर द्यायचे, वरून लिंपायचं, ओल धरून ठेवायची. तीन-चार महिन्यांत खत तयार. सुक्यातली बाटली, पुठ्ठा, पत्रा भंगारवाला घेतो आणि पैसे देतो. पण वेफरच्या, बिस्किटाच्या चकचकीत पुड्यांना कुणी विचारत नाही. त्या साठवून तालुक्याच्या प्लॅस्टिक केंद्रावर पाठवायच्या. अशा पुड्या पुढं सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून वापरता येतात. तेव्हा "विकलं जातं ते विकत घ्या, विकलं जात नाही ते घेऊच नका" हा त्यांचा धडा आम्ही गाठीला बांधला.

पाचवी गोष्ट पैशाची. स्वच्छ भारत मिशनच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत, त्याहून मोठ्या गावाला ४५ रुपयांपर्यंत रक्कम ठेवली. चार हजारांच्या गावाला २ लाख ४० हजार झाले. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीतला ६० टक्के भाग बांधील होता, त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी. यातून टाक्या होतात, शेड होते, गाडी येते. पण गाडी आली म्हणजे चालली असं नव्हे. डिझेल, दुरुस्ती, चालकाचा आणि सफाईवाल्या माणसांचा पगार दर महिन्याला लागतो. अनुदानाची गाडी पंक्चर होऊन ग्रामपंचायतीच्या दारात उभी असलेली तुम्ही पाहिली असेल, तिचं कारण हेच. तो खर्च गावाच्या करातून यायचा असतो. घरपट्टी थकवून घंटागाडीच्या नावानं बोटं मोडायची, हे वारकऱ्याला शोभत नाही.

हे सगळं ऐकून आलो आणि दिंडीच्या बैठकीत मांडलं. वाद झाला. एक ज्येष्ठ माळकरी बाबा म्हणाले, "अरे, वारीत नाम घ्यायचं का कचरा मोजायचा?" प्रश्न खोटा नव्हता. वारी नामासाठीच आहे. कुणाला उत्तर सुचेना. तेव्हा भाकरी थापणाऱ्या आमच्या आक्का चुलीपासून उठल्या आणि म्हणाल्या, "बाबा, गाडगेबाबांनी आधी झाडू घेतला का आधी कीर्तन केलं?" दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनाला उभं राहायचं, हा बाबांचा क्रम साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९५६ साली ते गेले तोवर हातातला खराटा सुटला नाही. माळकरी बाबा हसले. दुसऱ्या वर्षी स्वतःचं स्टीलचं ताट घेऊन सगळ्यात आधी तेच आले.

तेव्हापासून आपल्या दिंडीचे नेम साधे आहेत. प्रत्येकाचं ताट, वाटी, तांब्या स्वतःचा, आणि धुवायला राखेचा टोप. चहा स्टीलच्या पेल्यात. पंगत मोठी असली तर पानांच्या पत्रावळ्या. तीन रंगांची पोती, आणि रोज दोघांची पाळी. मुक्कामाच्या गावाला आठ दिवस आधी चिठ्ठी, माणसं किती, उतरणार कुठं. आणि दिंडी हलल्यावर दहा जण तासभर मागं राहतात, जागा झाडतात, मालकाला दाखवतात, मग चालून दिंडी गाठतात. या दहांत नाव लागावं म्हणून आता चढाओढ असते.

सगळं जमलं असं म्हणणार नाही. वाटेवर दानशूर मंडळी प्रेमानं पाण्याच्या बाटल्या, बिस्किटाचे पुडे हातात देतात. नाही म्हटलं तर त्यांचं मन मोडतं, घेतलं तर पोतं भरतं. त्यांना आमची हात जोडून विनंती आहे, पाण्याचा पिंप आणि ओगराळं ठेवा, पुड्याऐवजी केळं द्या. सेवा तीच, मागं फक्त साल राहील.

दुसरी विनंती तुम्हा गावकऱ्यांना. वारी अठरा दिवसांची, उरलेलं वर्ष आपण घरीच असतो. येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या गावाचा कचरा कुणी मोजलाय का? तो जातो कुठं? गाडीवरच्या माणसाला हातमोजे आणि बूट आहेत का, पगार वेळेवर होतो का? आराखडा कागदावर असेल तर वाचून दाखवा म्हणा. नसेल तर करायला बसा, आम्ही मदतीला येऊ.

आणि तो मळा? दोन वर्षं आम्ही दुसरीकडं उतरलो. पण जाता-येता पोती घेऊन मालकांच्या बांधावरून जायचो, त्यांची नजर असायची. तिसऱ्या वर्षी त्यांचाच निरोप आला, "जागा मोकळी ठेवलीय." त्या पहाटे आमचे दहा जण झाडून निघाले तेव्हा मालक अनवाणी रानात फिरत होते, चिखलात वाकून वाकून बघत होते. हाताला काही लागलं नाही. मग गोठ्याकडं गेले आणि वासरू सोडलं त्या रानात. दिंडीत नाचतो तसे आम्ही बांधावर नाचलो.

बोलताना काही चुकलं असेल तर लेकरू समजून पोटात घाला. आता पंगत बसेल. ताटं आणलीत ना सगळ्यांनी?

रामकृष्ण हरी!