केव्हिन सिनफिल्ड: पाच फायनल हरल्यानंतरचा कॅप्टन

गेल्या महिन्यात मला टीम लीड केलं आणि माझं पहिलंच रिलीज रात्री दोन वाजता रोलबॅक करावं लागलं. झोप तर उडालीच होती, मग यूट्यूबवर एका माणसाचे व्हिडिओ बघत बसलो. केव्हिन सिनफिल्ड. आज त्याच्याबद्दलच बोलू.

रग्बी लीग म्हणजे तेरा जणांची टीम, आणि सहा टॅकलमध्ये काही जमलं नाही तर बॉल समोरच्याकडे. कबड्डीतली पकड आठवा, फक्त समोरचा शंभर किलोचा आणि सुसाट पळत येणारा. उत्तर इंग्लंडच्या गिरण्या-खाणींच्या गावांतला हा खेळ. सिनफिल्ड ओल्डहॅमचा. सोळाव्या वर्षी लीड्सकडून पहिली मॅच आणि 2003 मध्ये, बाविशीतच, कॅप्टन!

त्याच वर्षी चॅलेंज कपची फायनल ब्रॅडफर्डकडून 22-20 अशी हरले. दोन पॉइंट, बस्स. मग 2005, 2010, 2011, 2012. पाच फायनल, पाचही हार. मधल्या काळात लीगची ट्रॉफी मात्र येत होती. 2004 मध्ये तर लीड्स 32 वर्षांनी चॅम्पियन झाले. पण कप काही हाती लागेना. मी असतो तर तिसऱ्या हारेनंतरच कॅप्टनशिप सोडली असती, खरं सांगतो. हा पठ्ठ्या थांबला. 2014 मध्ये कप आला आणि 2015 मध्ये एकाच सीझनला तिन्ही ट्रॉफ्या.

निवृत्तीनंतर तो कोच झाला, तोही पंधरा जणांच्या रग्बी युनियनमध्ये. 2021 मध्ये लेस्टर टायगर्सचा डिफेन्स कोच झाला, पुढच्याच वर्षी टीम चॅम्पियन, आणि 2023 च्या वर्ल्ड कपला तो इंग्लंडच्या कोचिंग टीममध्ये.

पण मला अडकवलं ते वेगळ्याच व्हिडिओनं. त्याचा टीममेट रॉब बरो, टीममधला सगळ्यात बुटका. 2019 मध्ये त्याला मोटर न्यूरॉन डिसीज झाला, स्टीफन हॉकिंगना होता तोच. त्याच्यासाठी पैसे जमवायला सिनफिल्ड 2020 मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन पळाला. 2023 च्या लीड्स मॅरेथॉनमध्ये रॉबची व्हीलचेअर ढकलत आला, शेवटच्या रेषेपाशी थांबला, त्याला उचललं आणि कडेवर घेऊनच रेषा ओलांडली. वर्षभरानं, जून 2024 मध्ये रॉब गेला.

तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला. सोमवारी स्टँडअपमध्ये सरळ सांगितलं, रिलीजचा निर्णय माझा होता, चूकही माझी. कोणी काही बोललं नाही. एका ज्युनियरनं चहा आणून दिला.

चला, थांबतो. आज रात्री परत डिप्लॉयमेंट आहे.