गाय बघायला आपणच जायचं

 आज आमच्या गटाच्या एका दिवसाच्या सहलीची गोष्ट सांगते. सहल म्हटलं की आपल्याला जेजुरी नाहीतर पंढरपूर आठवतं. आम्ही दहाजणी गेलो बारामतीच्या जनावरांच्या बाजाराला.

त्याला कारण होतं. मागच्या वर्षी गटातल्या एका ताईंनी ६०,००० रुपये कर्ज काढून गाय घेतली. घेतली म्हणजे घरच्यांनी लांबच्या एका बाजारातून हेड्याच्या शब्दावर आणली. ताईंनी गाय पहिल्यांदा पाहिली ती दारात. धार काढायला बसल्या, तर एका सडातून दूधच येईना. बाजारात कास भरलेली दिसली, कारण आदल्या दिवसापासून धारच काढली नव्हती. ती गाय पुढे निम्म्या किमतीला गेली. हप्ता मात्र ताई अजून भरतात, दुसऱ्याच्या रानात खुरपून.

शेण आपण काढायचं, वैरण आपण आणायची, हप्ता आपण फेडायचा, आणि गाय तेवढी दुसऱ्याने निवडायची? मासिक बैठकीत ठराव झाला. जिच्या नावावर कर्ज, तिने गाय स्वतः पाहिल्याशिवाय चेक निघणार नाही.

दिवाळी झाल्यावरचा गुरुवार धरला. निमगाव केतकीहून पहाटे टेम्पो निघाला. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून याच रस्त्याने इंदापूरकडे येते, आम्ही उलट्या दिशेने चाललो होतो. भवानीनगरजवळ उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. काटेवाडीच्या अलीकडे धनगरांचा वाडा कोकणाकडे निघालेला भेटला. घोड्यांवर भांडीकुंडी, कोंबड्या, कोकरं, आणि लगाम बायकांच्या हातात. काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, ते तुम्हाला माहीत आहेच. चहाला थांबलो तेव्हा त्यातल्या एक आजी म्हणाल्या, "गाय घ्यायला निघालाय व्हय? मग आधी चालवून बघा. उभं जनावर खोट लपवतं."

बाजारात शिरलो. एकीकडे शेळ्या-मेंढ्या, एकीकडे गाई-म्हशी. हेडी आणि गिऱ्हाईक रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत होते. एक जण आम्हाला म्हणाला, "बाई, मालकांना पाठवा." आमच्या एक मावशी म्हणाल्या, "दादा, मालकीण आलीय. गाईचं तोंड उघडा."

हेडी सांगत होता, गाय पहिल्या वेताची आहे. मावशींनी दात पाहिले. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, म्हणून खालचे मोजायचे. साधारण दोन-अडीच वर्षांची झाली की दोन पक्के दात येतात, मग चार, मग सहा. आठही आले की गाय जुळली म्हणतात, म्हणजे वय चारच्या पुढे. ही गाय जुळलेली होती. मावशी एवढंच म्हणाल्या, "पहिलं वेत लई उशिरा आलं की हो!" बाजूची माणसं हसली. भाव आपोआप खाली आला, पण आम्ही ती घेतली नाही.

दिवसभरात जे शिकलो ते सांगते, ध्यानात ठेवा. गाय चालवून बघा. चारही सड स्वतः पिळून बघा. पहिल्या धारा काळ्या कापडावर घ्या, गाठी दिसल्या तर कासेचा आजार समजा. एका धारेवर भुलू नका, संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची, अशा लागोपाठ धारा समोर काढून घ्या. विकणारा तयार नसेल तर गाय सोडा.

कानातला बिल्ला बघा. त्यावर बारा आकडी नंबर असतो. आपल्या राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. विम्यालाही तोच नंबर लागतो. तो पावतीवर उतरवून घ्या, आणि पावती बाईच्या नावावर करा.

गाय घरी आणल्यावर तीन आठवडे बाकीच्या जनावरांपासून वेगळी बांधा. २०२२ साली लम्पी आला तेव्हा राज्यातले बाजार बंद ठेवावे लागले होते, हे विसरू नका.

संध्याकाळी आम्ही रिकामा टेम्पो घेऊन परतलो. गावात पारावरची मंडळी हसली, "दहा बाया गेल्या अन् शेपूटसुद्धा आणलं नाही." त्या रात्री मलाही वाटलं, डिझेलचे पैसे वाया गेले का? पण हप्ता भरणाऱ्या ताई म्हणाल्या, "मागच्या वर्षी आपण असंच रिकामं आलो असतो, तर मी आज खुरपायला गेले नसते."

पुढच्या दोन गुरुवारी परत गेलो. तिसऱ्या खेपेला गाय आणली. चार दाती, चारही सड चांगले. पावतीवर नाव गटातल्या बाईचं.

मैत्रिणींनो, गाय पसंत नसेल तर रिकाम्या हाताने परत या, त्यात कसली लाज नाही. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि एक गुरुवार ठरवा.