आधी दगड, मग कायदा



पत्रिकेवर विषय छापला आहे 'एकोणिसाव्या शतकातील जमिनीच्या हद्दी आणि मुंबई इलाख्याचे कायदे'. विषय लांबरुंद आहे, पण मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. बांधावरून भावाभावांत डोकी फुटली की शहरात म्हणतात, हे लोक मुळातच भांडखोर, हातभर जमिनीपायी जीव घेतात. मला हे मान्य नाही. या भांडणांचं मूळ मोजणीदाराच्या टिपणात आहे. वसुलीसाठी आखलेली रेघ पुढे कायद्याने मालकीची ठरवली, आणि तिचं ओझं आपण अजून वाहतो आहोत.

पेशवाई बुडाली, एल्फिन्स्टन आले, रयतवारी आली, प्रिंगल यांची मोजणी फसली. हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. एक तारीख मात्र लक्षात ठेवा. १८३३ च्या सनदी कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाख्यांचा कायदे करण्याचा अधिकार काढून घेतला. तो परत मिळाला १८६१ मध्ये. आणि नेमक्या याच मधल्या काळात, १८३५-३६ पासून, गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली. तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. त्यावर डेव्हिडसन यांचीही सही होती. मुंबईचा स्वतःचा मोजणीचा कायदा आला १८६५ साली. म्हणजे रानात दगड रोवायला सुरुवात झाल्यावर जवळजवळ तीस वर्षांनी! तोवर सगळा कारभार चालला तो मुख्यतः सरकारी हुकुमांवर.

ही मोजणी व्हायची कशी, ते जरा जवळून बघू. शंकू साखळी तेहेतीस फुटांची. तिचे भाग सोळा, एकेक भाग म्हणजे एक आणा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, की झाला गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे बरोबर एक एकर, एका चौरस फुटाचाही फरक नाही. शेताच्या आरपार एक सरळ रेघ धरायची, तिच्यापासून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत काटकोनात अंतर मोजायचं आणि टिपणात लिहायचं. दोन माणसं साखळी ओढणारी, एक झेंडी धरणारा, कारकून लिहिणारा. उन्हातान्हात, काळ्या रानात, या माणसांनी अख्खा देश मोजून काढला. त्यांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. माझी तक्रार, कशाची हद्द मोजायची हे ज्यांनी ठरवलं त्यांच्याबद्दल आहे.

कोरडवाहू रानाचा सर्व्हे नंबर किती मोठा असावा? एका बैलजोडीने कसता येईल, निदान इतका. आता तिघा भावांच्या तीन पट्ट्या त्याहून लहान असल्या तर? तिन्ही मिळून एकच नंबर. दगड बाहेरच्या चार कोपऱ्यांवर. आतले दोन बांध, जे आजोबांनी घातले, ज्यांवर बोरी वाढल्या, जे सगळ्या गावाला माहीत, ते सरकारी कागदावर नाहीतच! खातं एकाच्या नावावर आणि सारा भरायला तोच जबाबदार. सरकारला आतल्या बांधांशी कर्तव्य नव्हतं, कारण सारा नंबरावर बसायचा. पोटहिस्स्यांची मोजणी झाली ती पुष्कळ वर्षांनी, हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये आल्यानंतर. तोवर दोन पिढ्या उलटल्या. मग बांध कोणी कोरला, किती कोरला, हे ठरवायचं कशावरून?

(श्रोत्यांतून : मलिक अंबरच्या वेळी काय भांडणं नव्हती?)

होती ना! भरपूर होती, आणि हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारला जातो. (हशा) शिवेवरून, वतनावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. पण निवाडा व्हायचा गोतसभेत. शेजारपाजारचे पाटील, बलुतेदार साक्षीला बसत, आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, होई. त्या पद्धतीत अन्याय नव्हता असं मी म्हणत नाही. दलितांना, बायकांना तिथे काय स्थान होतं ते मला ठाऊक आहे. माझा मुद्दा इतकाच, की हद्द कुठली हे हद्दीजवळ राहणारे सांगत. ते सांगण्याचं मोल नव्या व्यवस्थेत उतरलं.

आता कारवारकडे वळतो. खरं तर हे दोन वाक्यांत सांगून पुढे जायचं ठरवलं होतं, पण ते तसं सोडवत नाही. कॅनरा जिल्हा मद्रास इलाख्यात होता. १८६२ मध्ये त्याचा उत्तर भाग मुंबईकडे दिला. कारवार, अंकोला, कुमठा ही सगळी किनारपट्टी एका सरकारातून दुसऱ्या सरकारात गेली. डोंगर तिथेच, खाडी तिथेच, सुपारीच्या बागा तिथेच; बदलला तो फक्त इलाखा. तिथे जमिनीचा हिशोब 'वर्ग' या खात्यावर चाले. एका वर्गात भाताचं एक खाचर या गावात, बाग दुसऱ्या गावात, असंही असे. ते सगळं मिळून वर्गदाराचं एक खातं आणि त्यावर एकच धारा. मुंबईच्या मोजणीदाराला हे कसं चालावं? त्याला प्रत्येक तुकडा वेगळा हवा, प्रत्येकाला नंबर हवा, मातीची प्रत लावून वेगळा आकार हवा. वर्गदार म्हणाले, आमचा धारा पूर्वीच ठरलेला आहे, तो तुम्हाला वाढवता येणार नाही. सरकार ऐकेना, म्हणून ते कोर्टात गेले. वैकुंठ बापूजी विरुद्ध मुंबई सरकार, मुंबई हायकोर्ट, १८७५. सरन्यायाधीश वेस्ट्रॉप यांचा निकाल एखाद्या ग्रंथाएवढा आहे. मनुस्मृतीपासून विजयनगरपर्यंत आणि टिपूपासून मन्रोपर्यंत सगळा इतिहास त्यात तपासलेला आहे. वर्गदार हरले. पण मंडळी, एका शेतकऱ्याच्या साऱ्याचा प्रश्न इतक्या खोलात जाऊन उघड्या न्यायालयात ऐकला गेला, हीच केवढी मोठी गोष्ट! आणि पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, व्हाइसरॉयच्या कौन्सिलने कायदा केला आणि मुंबई इलाख्यात साऱ्याच्या आकारणीविरुद्ध दिवाणी कोर्टात जायची वाट बंद केली. खटला जिंकूनसुद्धा सरकारला ते दार उघडं ठेवावंसं वाटलं नाही. हे वाचताना मला आजही संताप येतो, तो मी लपवत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरली. तेव्हा दख्खनच्या दंग्यांवर, शेतकरी सावकारांवर उठले त्यावर, बोलता येणार नाही. सुपे, मे १८७५, एवढंच म्हणतो. इंदापूरच्या पहिल्या आकारणीची तीस वर्षांची मुदत संपल्यावर झालेली फेरआकारणी त्याआधीची, हा क्रम ध्यानात असू द्या.

कायदे करत होतं कोण? १८६१ च्या कायद्याप्रमाणे मुंबईच्या कौन्सिलात जादा सभासद चार ते आठ, सगळे गव्हर्नरांनी नेमलेले, त्यांतले निदान निम्मे बिनसरकारी. जगन्नाथ शंकरशेट तिथे बसले. मोठा माणूस, पण मुंबईचा सावकार-व्यापारी. औत धरणारा त्या खोलीत एकही नव्हता. त्यांच्यापुढे १८६५ चा पहिला, म्हणजे मोजणीचा, कायदा आला, तेव्हा इलाख्याचा मोठा भाग मोजून झालेला होता, आकार बसलेले होते. चर्चा करायची कशावर? झालेल्या कामावर कायद्याचा शिक्का मारायचा, एवढंच उरलं होतं. मग १८७९ चा जमीन महसूल कायदा. त्यात एक कलम असं, की मोजणी अधिकाऱ्याने हद्द ठरवली म्हणजे दगडाची जागाही ठरली आणि दोन्ही बाजूंच्या खातेदारांचा हक्कही ठरला. माझं सगळं म्हणणं या एका कलमात आहे. सारा गोळा करण्यासाठी ओढलेल्या साखळीने मालकी ठरू लागली. १९०१ ची दुरुस्ती आली तेव्हा फिरोजशहा मेहता आणि गोखले कौन्सिल सोडून बाहेर पडले, कारण बसून उपयोग नव्हता. त्यावर पुन्हा कधीतरी.

मागे उभे असलेले गृहस्थ विचारताहेत की आता उपग्रहावरून मोजणी होते, मग हे जुनं कशाला उकरायचं? उकरायचं एवढ्यासाठी, की यंत्र नवं असलं तरी त्याने काढलेली रेघ जुन्या टिपणाशी, फाळणीच्या नकाशाशी जुळवावीच लागते. यंत्र सेंटीमीटरपर्यंत अचूक सांगेल. पण आतले बांध मूळ मोजणीत सोडून दिलेले असतील, तर ते बिचारं काय सांगणार? १८७९ चा कायदा जाऊन १९६६ चा महसूल अधिनियम आला, पण सर्व्हे नंबर बहुतेक ठिकाणी त्याच घराण्यातले आहेत.

घंटा झाली. शेवटची विनंती, आणि ती ज्यांच्या घरात बांधाचं प्रकरण चालू आहे त्यांना. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा आणि आपल्या नंबराच्या मूळ टिपणाची नक्कल मागा. वकिलाकडे जाण्याआधी ती भावाला दाखवा आणि आतला बांध त्यात आहे का, ते दोघांनी मिळून बघा. नसेल, तर कोर्टात एकमेकांना खोटं पाडण्याआधी गावातल्या जुन्या माणसांना बांधावर बोलवा आणि ते काय सांगतात ते लिहून घ्या. ही माणसं आता फार थोडी उरली आहेत.