रांगेतील न्याय

संध्याकाळची वेळ आहे. एका मध्यमवर्गीय घरात आजी परदेशातील नातवाशी इंटरनेटवरून बोलत आहे. त्याच वेळी शेजारच्या खोलीत घरातील लग्नाची चित्रफीत दूरच्या संगणकावर चढवली जात आहे. थोड्याच वेळात नातवाचा आवाज तुटू लागतो. आजीचा प्रश्न तिकडे उशिरा पोहोचतो आणि दोघेही एकदम बोलू लागतात. घरातील मंडळी म्हणतात, ‘वेग कमी पडतो.’ वस्तुतः पुष्कळदा वेग पुरेसा असतो. चूक असते ती रांगेच्या शिस्तीत.

हिशेब साधा आहे. घरातून बाहेर जाणाऱ्या जोडणीचा वेग सेकंदाला १० मेगाबिट आहे असे धरू. चित्रफितीची १ मेगाबाइट माहिती, म्हणजे ८० लाख बिट, बाहेर पडण्याची वाट पाहत साचली, तर त्या रांगेच्या शेवटी उभ्या राहिलेल्या आजीच्या शब्दाला ०.८ सेकंद थांबावे लागते. संभाषण सुखाने चालायचे तर एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मानक सांगते. येथे विलंब त्याच्या पाचपटींहून अधिक झाला. आजीला लागणारी जागा किती? सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा आवाज सुमारे २०० बाइटांच्या एका पॅकेटात मावतो. चित्रफितीचे एकेक पॅकेट मात्र १५०० बाइटांचे. ज्याची गरज अल्प, तोच ताटकळतो.

इंटरनेटवरील सर्व माहिती अशा लहानमोठ्या पॅकेटांत विभागून धाडली जाते. वाटेत स्विच आणि राउटर ही यंत्रे असतात. येणारे पॅकेट पाहून ते कोणत्या तारेवर सोडायचे हे ती ठरवतात. तार मोकळी नसेल तर पॅकेट रांगेत उभे राहते. ‘प्रथम येईल तो प्रथम जाईल’ हा नियम वरवर निर्दोष वाटतो. तथापि ज्याने रांगेत अधिक पॅकेटे ओतली, त्याला तारेचा अधिक वाटा मिळतो. गर्दी ओळखून जो आपला वेग सौजन्याने कमी करतो, तो मागे पडतो. बळी तो कान पिळी, हाच या रांगेचा न्याय ठरतो.

शिलकीची वही

या अन्यायाकडे १९८५ साली अमेरिकेतील जॉन नेगल यांनी लक्ष वेधले. प्रत्येक प्रेषकाची रांग वेगळी ठेवावी आणि प्रत्येक रांगेतून आळीपाळीने एकेक पॅकेट सोडावे, असे त्यांनी सुचवले. जो अधिक ओतेल, त्याचीच रांग लांबेल. इतरांना त्याची झळ लागणार नाही. कल्पना मोलाची होती, पण तीत एक उणीव राहिली. एकाचे पॅकेट १५०० बाइटांचे आणि दुसऱ्याचे २०० बाइटांचे असेल, तर समान संधी देऊनही पहिल्याला साडेसातपट वाटा जातो.

१९८९ साली ॲलन डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी ही उणीव दूर केली. केशव हे दिल्लीच्या आय.आय.टी.चे पदवीधर. प्रत्येक रांगेतून एकेक बिट आळीपाळीने सोडला असता, तर कोणते पॅकेट केव्हा संपले असते, याचे गणित मांडायचे आणि जे आधी संपले असते ते आधी धाडायचे, अशी ही पद्धत. न्याय अचूक झाला; पण प्रत्येक पॅकेटमागे क्रमवारी लावण्याचे काम वाढले. सेकंदाला १० गिगाबिटांच्या तारेवर सर्वांत लहान पॅकेटे एकामागून एक आली, तर निर्णयासाठी एका पॅकेटमागे ६७ नॅनोसेकंद मिळतात. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील हे सदुसष्ट. एवढ्या अवधीत लांबलचक क्रमवारी लावत बसणे महागात पडते.

१९९५ साली एम. श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी साधा मार्ग दाखवला. वर्गीस हे मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.चे पदवीधर. किराणा दुकानदाराच्या वहीइतकी त्यांची पद्धत सरळ आहे. प्रत्येक रांगेच्या नावे एक खाते उघडायचे. पाळी आली की खात्यात ठराविक बाइटांचा वाटा जमा करायचा. पुढचे पॅकेट त्या रकमेत बसत असेल तर सोडायचे आणि तेवढे बाइट वजा करायचे. बसत नसेल तर रक्कम पुढच्या फेरीसाठी शिल्लक ठेवायची.

उदाहरणार्थ, वाटा ५०० बाइटांचा आहे. चित्रफितीचे १५०० बाइटांचे पॅकेट पहिल्या फेरीत जात नाही, दुसऱ्याही फेरीत जात नाही. तिसऱ्या फेरीत खात्यात १५०० जमतात आणि ते सुटते. २०० बाइटांची पॅकेटे धाडणाऱ्याची तेवढ्याच तीन फेऱ्यांत दोन, तीन आणि दोन, अशी सात पॅकेटे जातात. म्हणजे १४०० बाइट गेले आणि १०० शिल्लक राहिले. दोघांचा हिशेब जुळला. रांग रिकामी झाली की शिल्लक शून्य होते, कारण मागणी नसताना साठा करून नंतर इतरांवर कुरघोडी करण्याची मुभा कोणालाच नाही. वाटा सर्वांत मोठ्या पॅकेटाएवढा ठेवला, तर प्रत्येक पाळीला किमान एक पॅकेट सुटते आणि रांगा कितीही असल्या तरी एका पॅकेटमागचे काम वाढत नाही.

तारा अनेक, क्रम एक

एवढ्याने प्रश्न संपत नाही. मोठ्या केंद्रांत दोन स्विचांमध्ये एक तार पुरत नाही. अनेक तारा एकत्र बांधून त्यांचा एक मार्ग करतात. त्याचे मानक २००० साली ठरले. बँकेत चार खिडक्या असतील, तर एकच रांग लावून जी खिडकी मोकळी होईल तेथे पुढच्याने जावे, हे शहाणपणाचे. पॅकेटांच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. एकाच संभाषणाची पॅकेटे वेगवेगळ्या तारांवरून गेली, तर मागचे पुढे पोहोचू शकते. क्रम बिघडला की स्वीकारणारा संगणक तशी सूचना वारंवार पाठवतो. ती पाहून धाडणारा समजतो की पॅकेट हरवले, आणि विनाकारण आपला वेग निम्म्यावर आणतो.

म्हणून स्विच प्रत्येक संभाषणाला, त्याच्या पत्त्यांवरून गणित करून, एकच तार नेमून देतात. क्रम राखला जातो, पण समतोल दैवावर सोपवला जातो. दोन तारा आणि दोन अवजड प्रवाह असतील, तर दोन्ही एकाच तारेवर पडण्याची शक्यता निम्मी असते. मग एक तार भारावते आणि दुसरी रिकामी राहते.

१९९६ साली हरी आदिशेषू, गुरू पारुळकर आणि वर्गीस यांनी यावर उपाय मांडला तो जुनीच वही उलटी वाचून! अनेक रांगांत एका तारेची वाटणी करणारा हिशेब, एका रांगेची अनेक तारांत वाटणीही करू शकतो. प्रत्येक तारेच्या खात्यात वाटा जमा करायचा. तो संपला की पुढच्या तारेकडे वळायचे. जास्त उचल झाली तर पुढच्या फेरीत वळती करून घ्यायची. स्वीकारणाराही तीच वही ठेवतो. त्यामुळे पुढचे पॅकेट कोणत्या तारेवर येणार हे त्याला ठाऊक असते आणि पॅकेटांवर क्रमांक न घालताही क्रम जुळतो. एखादे पॅकेट हरवून हिशेब चुकला, तर मधूनमधून येणारी खुणेची पॅकेटे तो पुन्हा जुळवतात.

पुढे २००७ साली श्रीकांत कंडुला आणि सहकाऱ्यांनी आणखी एक वाट दाखवली. संभाषणात मधे पुरेशी उसंत पडली, की पुढचा घोस दुसऱ्या तारेवर न्यावा. तोवर मागचा पोहोचलेला असतो, म्हणून क्रम मोडत नाही. २०१४ साली याच तत्त्वावर मोठ्या माहिती केंद्रांसाठीची रचना प्रसिद्ध झाली.

सज्जनहो, आज लिनक्स प्रणालीत हा वाटणीचा हिशेब अंतर्भूत आहे आणि त्याचे सुधारित रूप २०१८ साली इंटरनेटच्या अधिकृत दस्तऐवजांत नोंदले गेले. ज्या घरातील राउटरमध्ये ते कार्यान्वित असते, तेथे चित्रफीतही चढते आणि आजीचा शब्दही वेळेवर पोहोचतो.

तरीही एक निर्णय वहीच्या बाहेर राहतो. खाते कोणाच्या नावे उघडायचे? ते संभाषणागणिक उघडले, तर एकाच वेळी वीस जोडण्या उघडणारा वीस वाटे घेऊन जातो आणि एकाच जोडणीवर बोलणाऱ्या आजीच्या पदरी एकच वाटा पडतो. यंत्र बाइटांची चोख वाटणी करील. पण ‘एक’ कोणाला म्हणायचे, हे यंत्र ठरवत नाही. ते ठरवणाऱ्या माणसाची न्यायबुद्धी जागी असेल, तरच रांगेतला शेवटचा माणूस निश्चिंतपणे उभा राहू शकेल.