डेब्रिज म्हणजे नक्की काय?



आपल्या बचत गटाच्या बैठकीत एक शब्द हल्ली बरेचदा निघतो. बातम्यांत इमारत पडली की तो येतो, मुंबईहून सुट्टीला आलेली पोरं तो बोलतात, ठेकेदार तर ट्रॅक्टरच्या खेपा त्यावरच मोजतो. तो शब्द म्हणजे डेब्रिज. आज आपण याच शब्दाची चौकशी करू.

हा शब्द मूळचा फ्रेंच. त्या भाषेत 'ब्रिझे' म्हणजे मोडणं, फोडणं. त्यावरून 'देब्रिझे', म्हणजे मोडून टाकणं, असं जुनं क्रियापद होतं. मोडल्यावर जे विखरून उरतं ते 'देब्री'. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी हा शब्द आपलासा केला. लिहिताना त्याच्या शेवटी 'एस' आहे, पण बोलताना तो मुका. आपण म्हटलं, अक्षर लिहिलंय तर सोडायचं कशाला? म्हणून इथं तो डेब्रिज झाला.

आता कुणी म्हणेल, म्हणजे कचराच की! तर तसं नाही. केर रोज निघतो, रोज टाकतो. डेब्रिज म्हणजे आधी धड असलेल्या वस्तूचे तुकडे. काल ती भिंत होती, आज तो राडारोडा आहे. आपल्याकडे ढिगारा, पडझड, मोडतोड असे शब्द आहेतच. हिंदीतला मलबाही आपण वापरतो.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, किल्लारी आणि आसपासची गावं झोपेत होती. चारच्या सुमाराला भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदं कोसळली. ज्या घरानं ऊन-पाऊस अडवला, त्याच घराच्या ढिगाऱ्याखाली हजारो माणसं गेली.

डेब्रिज आकाशातूनही पडतं बरं का. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या रात्री, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. अवकाशात फिरणाऱ्या अशा तुकड्यांनाही इंग्रजीत हाच शब्द आहे.

आता आपल्या कामाचं बोलू. अतिवृष्टीत घर पडलं की आपण बायका आधी पदर खोचतो आणि आवरायला लागतो. पण मैत्रिणींनो, तो ढिगारा हा आपल्या नुकसानीचा पुरावा असतो. म्हणून आधी मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढायचे. फुटलेली भांडी, भिजलेलं धान्य, मेलेलं जनावर, सगळ्याचे काढायचे. वाट अडली असेल किंवा भिंत अंगावर येईल अशी असेल, तर फोटो काढून मगच हलवायचं. तलाठ्यांना आणि ग्रामसेवकांना लगेच कळवायचं.

पंचनाम्यात घराची पडझड 'पूर्णतः' की 'अंशतः' हे लिहिलेलं असतं. या एका शब्दावर मदतीची रक्कम बदलते. म्हणून सही किंवा अंगठा देण्याआधी पंचनामा मोठ्यानं वाचून घ्यायचा. ज्या मैत्रिणीला वाचता येत नाही, तिच्या शेजारी गटातल्या कुणीतरी उभं राहायचं. विधवा आणि एकट्या राहणाऱ्या बायांच्या घरी आपण सर्वांनी आधी जायचं.

ढिगाऱ्यात अनवाणी शिरू नका. खिळे, काचा, विजेच्या तारा असतात, सापही दडून बसतात. पुराच्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, तेव्हा पायात बूट आणि हातात मोजे हवेत. ताप आला तर अंगावर काढू नका, दवाखाना गाठा.

आणि धड विटा, दगड, वासे, पत्रे वेगळे काढून ठेवा. घर पुन्हा उभं करताना ते उपयोगी पडतात.

येत्या बैठकीत प्रत्येकीनं एक काम करायचं. आपलं घर कुणाच्या नावावर आहे, तो ग्रामपंचायतीचा उतारा काढून आणायचा आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवायचा. पाऊस यायच्या आधी एवढं करू या.