कादंबरीतील संतपुरुष : प्रतीक आणि माणूस



ललित साहित्यात खलपुरुष सहज रंगतो. त्याची हाव, त्याचे कपट आणि त्याची भीती यांच्या बळावर कथानक आपोआप पुढे सरकत राहते. परंतु ज्याला स्वतःसाठी काहीच मिळवायचे नाही, त्याची गोष्ट सांगायची कशी? हा प्रश्न थोर कादंबरीकारांनाही अडवीत आला आहे. पाश्चात्त्य साहित्यात या प्रश्नाला एक विशेष रूप प्राप्त झाले. तेथे निष्पाप, क्षमाशील आणि दुसऱ्यासाठी यातना सोसणारे पात्र अवतरले, की वाचकाच्या मनात येशू ख्रिस्ताची मूर्ती जागी होते. अशा पात्रांना समीक्षेत ख्रिस्तसदृश पात्रे म्हटले जाते. ही पात्रे आणि त्यांतून साकारणारे धार्मिक प्रतीक हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

प्रतीकाची बाह्य चिन्हे ओळखणे फारसे कठीण नाही. जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९ मधील ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या कादंबरीत जिम केसी नावाचा एक माजी धर्मोपदेशक आहे. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे येशू ख्रिस्ताच्या नावाची आहेत. तो दुसऱ्याचा अपराध स्वतःवर घेऊन तुरुंगात जातो आणि पुढे मजुरांच्या बाजूने उभा राहून मारला जातो. विल्यम फॉकनर यांच्या १९३२ मधील ‘लाइट इन ऑगस्ट’ या कादंबरीतील ज्यो ख्रिसमस याचीही आद्याक्षरे तीच, आणि आडनाव तर येशूच्या जन्मोत्सवाचे. परंतु हा ज्यो हिंसक आहे, त्याच्यावर खुनाचा आळ आहे, आणि वर्णद्वेषाने पेटलेल्या माणसाच्या हातून त्याचा अमानुष अंत होतो. चिन्हे सारखी असूनही एकजण संतत्वाच्या जवळ जातो आणि दुसरा केवळ समाजाच्या क्रौर्याचा बळी ठरतो. तात्पर्य, आद्याक्षरांनी किंवा जखमांनी संत घडत नाही. मग तो कशाने घडतो?

येथे संतचरित्र आणि कादंबरी यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. महिपतींच्या ‘भक्तविजया’वर वाढलेल्या श्रोत्याला ठाऊक असते, की संताचा छळ झाला तरी अखेरीस सत्त्वाचाच विजय होणार. चरित्रकाराची श्रद्धा तशी ग्वाही देते. कादंबरीकाराला ती ग्वाही देता येत नाही. संताने क्षमा केल्यावर समोरचा माणूस बदलेलच असे नाही, ही शक्यता त्याला खुली ठेवावी लागते. संतत्वाची खरी कसोटी याच अनिश्चिततेत लागते.

व्हिक्टर ह्युगो यांची ‘ले मिझेराब्ल’ ही कादंबरी १८६२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभी दिन्य गावचे बिशप मिरिएल भेटतात. आपला प्रशस्त प्रासाद रुग्णालयाला देऊन ते रुग्णालयाच्या लहानशा इमारतीत राहायला जातात. पंधरा हजारांच्या वार्षिक वेतनातून स्वतःच्या खर्चासाठी फक्त एक हजार ठेवतात. पावाच्या चोरीपायी आणि नंतर पळून जाण्याच्या प्रयत्नांपायी एकोणीस वर्षे तुरुंगात काढलेला जाँ व्हालजाँ त्यांच्याकडे आश्रय घेतो आणि रात्री त्यांची चांदीची भांडी चोरून निघून जातो. शिपाई त्याला पकडून आणतात, तेव्हा बिशप ही भांडी आपणच दिल्याचे सांगतात आणि राहून गेलेल्या चांदीच्या दोन मेणबत्तीदाण्याही त्याच्या हाती ठेवतात.

हा प्रसंग सर्वांच्या स्मरणात राहतो. त्यानंतरचा प्रसंग मात्र बहुधा विसरला जातो. एवढी क्षमा पदरी घेऊन निघालेला व्हालजाँ काही वेळातच वाटेवरच्या एका गरीब मुलाचे नाणे पायाखाली दाबून धरतो आणि त्याला हुसकावून लावतो. क्षमेने तो तत्काळ पावन होत नाही. उलट जुन्या सवयीने आणखी एक पाप करतो, आणि त्या पापाची जाणीव झाल्यावर ढसाढसा रडतो. ह्युगो यांनी हा प्रसंग गाळला असता, तर बिशपांची क्षमा जादूच्या कांडीसारखी भासली असती. तो असल्यामुळेच ती बीजासारखी वाटते. पुढे आयुष्यभर जपलेल्या त्या मेणबत्तीदाण्या व्हालजाँच्या मृत्युशय्येजवळ तेवत असतात.

स्वतः बिशपही आरंभापासून पूर्ण नाहीत. राज्यक्रांतीच्या काळातील एक वृद्ध लोकप्रतिनिधी गावाबाहेर एकाकी मरणपंथाला लागलेला असतो. सारे गाव त्याचा तिरस्कार करते, आणि बिशपांच्या मनातही त्याच्याविषयी अढी असते. त्याचे बोलणे ऐकल्यावर मात्र आशीर्वाद द्यायला गेलेले बिशप गुडघे टेकून त्याच्याकडेच आशीर्वाद मागतात. नमते घेण्याच्या त्या क्षणी हे पात्र माणूस म्हणून जिवंत होते.

फ्योदोर दोस्तोयव्हस्की यांनी यापेक्षा कठोर वाट धरली. ‘द इडियट’ ही कादंबरी १८६८ पासून मासिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. सर्वार्थाने सुंदर असा मनुष्य रंगविण्याचा आपला संकल्प त्यांनी भाचीला लिहिलेल्या पत्रात सांगितला आहे, आणि टिपणवहीत नायकाचा उल्लेख प्रिन्स ख्रिस्त असा केला आहे. हा नायक, प्रिन्स मिश्किन, अपस्माराचा रुग्ण आहे. तो स्वित्झर्लंडमधील उपचार संपवून रशियात परततो. त्याच्यापाशी कपट नाही. थोबाडीत मारणाऱ्याविषयीही त्याला काळजीच वाटते. ज्याच्याशी त्याने गळ्यातील क्रूस बदलून बंधुत्वाचे नाते जोडले, तो रोगोझिनच त्याच्यावर सुरा उगारतो.

आणि शेवटी काय घडते? नस्तास्याविषयीची करुणा आणि अग्लायाविषयीचे प्रेम यांत मिश्किनला निवड करता येत नाही. नस्तास्याचा खून होतो. अग्लायाच्या आयुष्याची वाताहत होते. मिश्किन खुन्याच्या शेजारी रात्रभर बसून त्याच्या गालांवरून हात फिरवीत राहतो, आणि पहाटेपर्यंत त्याची बुद्धी पुन्हा अंधारात बुडालेली असते. त्याच्या चांगुलपणाने एकही जीव वाचलेला नसतो.

लेखकाने असे का केले असावे? १८६७ मध्ये दोस्तोयव्हस्की यांनी बाझेल येथे हान्स होल्बाइन यांचे, कबरीतील मृत ख्रिस्ताचे चित्र पाहिले होते. त्यात तेजोवलय नाही. आहे केवळ यातनांनी विद्रूप झालेले प्रेत. या चित्राची प्रतिकृती कादंबरीत रोगोझिनच्या घरी टांगलेली आहे, आणि ते पाहून एखाद्याची श्रद्धाही ढळू शकेल असे मिश्किन म्हणतो. लेखकाने स्वतःचा भयंकर प्रश्न लपविला नाही. चांगुलपणा जगात पराभूत होत असेल, तर तो खरा मानायचा की नाही? मिश्किन हरतो, तरीही वाचकाला रोगोझिन व्हावेसे वाटत नाही. या नकारातच त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे.

उरलेले अर्धे उत्तर त्यांच्या अखेरच्या, १८७९-८० मधील ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’ या कादंबरीत सापडते. मठातील पूज्य वृद्ध झोसिमा देह ठेवतात, तेव्हा सारे चमत्काराची वाट पाहत असतात. प्रत्यक्षात शवाला अपेक्षेपूर्वीच दुर्गंधी येऊ लागते. निंदकांना आनंद होतो, आणि तरुण शिष्य अल्योशाचे मन कोलमडते. त्या विमनस्क अवस्थेत तो ग्रुशेन्का या बदनाम स्त्रीच्या घरी जातो. त्याला भुलविण्याचा तिचा विचार असतो. परंतु गुरूंच्या मृत्यूची वार्ता कळताच ती ओशाळून त्याच्यापासून दूर होते. तिच्या त्या एका करुणेने अल्योशा सावरतो. जो चमत्कार शवपेटीपाशी घडला नाही, तो बदनाम घरात घडतो. संतत्व देहाच्या सुगंधात नव्हते. एका दुखावलेल्या माणसाने दुसऱ्याची जी कणव केली, त्या कणवेत ते होते.

या साऱ्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. कादंबरीतील संतपुरुष प्रथम माणूस असतो आणि नंतर प्रतीक होतो. जो चुकत नाही, ज्याला काही गमवावे लागत नाही, ज्याच्या क्षमेचे फळ पुढच्याच पानावर मिळते, असे पात्र पूजेला योग्य ठरेल; परंतु वाचकाच्या अंतःकरणाला ते हात घालणार नाही. मिरिएल यांची क्षमा वर्षानुवर्षे मुरते, मिश्किनची करुणा निष्फळ ठरते आणि झोसिमांचे संतत्व दुर्गंधीच्या आड लपते. तिन्ही लेखकांच्या श्रद्धेला आधार देतात, पण फसवे समाधान देत नाहीत. चांगुलपणा जिंकेल या आश्वासनावर जो चांगला राहतो, त्याने अजून सौदाच केलेला असतो. आश्वासन नसतानाही जो चांगला राहतो, त्याच्यापाशी वाचक थांबतो आणि पुस्तक मिटल्यावर त्याच मापाने स्वतःला मोजून पाहतो.