कॅसेटची एक बाजू, कंपाउंडच्या बारा फेऱ्या

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील ‘सभासदांचे मनोगत’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



सचिवांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. देताना एक अट घातली. म्हणाले, “काका, कशावरही बोला, फक्त पाण्याच्या टाकीवर बोलू नका.” त्यांची भीती रास्त आहे. सोसायटीच्या फायलीत माझी चौदा तक्रारपत्रं आहेत. जून २०१८ ते ऑक्टोबर २०१९ या काळातली. टाकीचं झाकण, लिफ्टचा आवाज, कुंड्यांचं पाणी, पोरांचा फुटबॉल, बी-विंगच्या अण्णांचा पहाटेचा रेडिओ, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. परवा स्मरणिकेसाठी जुने कागद काढले, तेव्हा ती सगळी पत्रं मी पुन्हा वाचली. लाज वाटली. पण वाचता वाचता लक्षात आलं, की ती तक्रारपत्रं नव्हतीच. तो एका आजारी माणसाचा केसपेपर होता. आज त्याच आजाराबद्दल बोलणार आहे.

आपण १९९९ साली डोंबिवलीत इथे राहायला आलो, तेव्हा आमच्या सामानात सर्वांत जड खोकं कॅसेटचं होतं. मी फोर्टात नोकरीला. पगार झाला की काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाऊस’मध्ये जायचं, हा वर्षानुवर्षांचा नेम. तिथे बूथमध्ये उभं राहून आधी ऐकता यायचं. महिन्याला एकच घ्यायची ऐपत, त्यामुळे निवडायला तासभर लागायचा. मग ती पिशवी छातीशी धरून गाडीत चढायचं. घरी आमची ही विचारायची, “आज कोणाला आणलंत?” जणू पाहुणाच आणलाय. कुरकुरायची, पण कॅसेटवर नाव आणि तारीख तीच घालायची. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

२०१६ च्या फेब्रुवारीअखेर ते दुकान बंद झालं आणि मार्चमध्ये मी निवृत्त झालो. तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो, की दुकानाने माझी वाट पाहिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ही गेली. त्यानंतर हसायला कारण उरलं नाही.

दुःख होणं साहजिकच होतं. पण पाच-सहा महिन्यांनी जे सुरू झालं, ते दुःखापेक्षा वेगळं होतं. पहाटे तीनला जाग यायची, ती यायचीच. दाढी करायला दोन-दोन दिवस जमायचं नाही. जेवणाला चव नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, गाणं लावलं तर ते नुसता आवाज वाटायचं. ज्या गाण्याने डोळ्यांत पाणी यायचं, तेच गाणं आणि मी मख्खासारखा बसलेलो. आपण आहोत कशाला, असंही वाटून जायचं. कोणाला सांगणार? मग मी टाकीच्या झाकणाबद्दल पत्र लिहायचो.

दुसरा एक उद्योगही सुरू केला. रात्री झोप नाही म्हणून फोनवरून खरेदी. सिनेमांच्या डीव्हीडी, गाण्यांचे संच, हेडफोन. बटण दाबताना दोन मिनिटं बरं वाटायचं. पार्सल आल्यावर काहीच वाटायचं नाही. कपाटात टाकायचो. दिवाळीच्या आधी मुलगी नागपूरहून आली, कपाट उघडलं, तर आत न उघडलेली तेवीस पार्सलं. ती रागावली नाही. खाली बसली आणि एकेक मोजलं. मग म्हणाली, “बाबा, उद्या आपण डॉक्टरांकडे जातोय.”

आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉईड, बी-१२, साखर सगळं पाहिलं, कारण त्यांच्या गडबडीनेही मन असं मलूल होतं. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. मी आधी बिचकलो. वेडबिड लागलंय की काय! ते डॉक्टर म्हणाले, “मधुमेह झाला असता तर लपवला असता का?” गोळ्या सुरू झाल्या. त्या वर्षभर घेतल्या आणि डॉक्टरांनीच हळूहळू कमी करत बंद केल्या. हे मुद्दाम सांगतोय. माझं ऐकून कोणी उद्या गोळ्या टाकून चालायला लागू नये.

पण गोळ्यांच्या कागदावर त्यांनी आणखी एक ओळ लिहिली होती : ‘रोज अर्धा तास चालणे.’ मी म्हटलं, “डॉक्टर, उत्साहच नाही. उत्साह आला की चालेन.” ते म्हणाले, “तुम्ही गाडी उलटी जोडताय. आधी चाला. उत्साह मागून येईल.”

आता मला चालवणार कोण? मुलीने जाण्याआधी बी-विंगमध्ये जाऊन अण्णांना सांगितलं. हो, तेच, रेडिओवाले अण्णा, तक्रारपत्र क्रमांक नऊ. अण्णा रेल्वेत मोटरमन होते. दुसऱ्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. दार उघडलं. अण्णा म्हणाले, “चला.” पत्राचा विषय नाही, सांत्वन नाही. मी म्हटलं, “उद्यापासून येतो.” ते म्हणाले, “गाडी आज सुटते.”

पहिल्या दिवशी दोन फेऱ्या झाल्या. आपल्या कंपाउंडची एक फेरी माझ्या पावलांनी २४० भरते, मीटर रूमपासून मीटर रूमपर्यंत. दोन फेऱ्यांनंतर मी बाकावर बसलो. तिसऱ्या आठवड्यात आठ झाल्या. मन आनंदी झालं का? अजिबात नाही. पण एक दिवस पहाटे तीनऐवजी पाचला जाग आली. पहिला फरक झोपेत पडला, दुसरा भुकेत. मनाचा नंबर शेवटी लागला. म्हणून सांगतो, चार दिवस चालून ‘काही फरक नाही’ म्हणू नका.

मग मला वॉकमन आठवला. १९९१ साली गाडीत ऐकायला घेतलेला. माळ्यावरून काढला, पण फिरेना. आतला रबरी पट्टा सैल पडलेला. तो कोणी दुरुस्त केला? सी-विंगच्या डिप्लोमावाल्या मुलाने. तोच तो, फुटबॉलवाला, पत्र क्रमांक चार आणि अकरा. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, “काका, पुढचं पत्र लिहिताना फक्त माझी आठवण ठेवा.”

आणि गणित जुळलं. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. बाजू संपली, की बटण आपोआप खटकन वर येतं. तेवढ्यात माझ्या बारा फेऱ्या व्हायच्या. घड्याळ बघायला नको. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज कॅसेटची एक बाजू! मध्यम म्हणजे किती, याची खूणही सोपी आहे. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. गाण्याबरोबर मी सहज गुणगुणायला लागलो, की अण्णा म्हणायचे, “वेग कमी झाला.” आमच्या वयाला तोल सांभाळायचा व्यायामही हवा, म्हणून शेवटी कठड्याला हात लावून एका पायावर उभे राहतो. गच्चीतून पोरं हसतात. हसू देत.

एक सकाळ मात्र सांगायलाच हवी. रेडिओवरून घरीच भरलेली एक कॅसेट होती. सातवी फेरी चालू होती. गाणं संपलं आणि निवेदकाच्या आवाजाच्या मागून हिचा आवाज आला, “अहो, चहा गार होतोय.” कधीतरी टेप चालू असताना स्वयंपाकघरातून मारलेली हाक, भरली गेली होती. मी मीटर रूमपाशी थांबलो. दीड वर्षात रडलो नव्हतो, तो तिथे रडलो. अण्णांनी काही विचारलं नाही. बाजूला उभे राहिले. मग म्हणाले, “पाच फेऱ्या बाकी आहेत.” आम्ही त्या पूर्ण केल्या. त्या दिवसापासून गाणं मला पुन्हा गाणं वाटायला लागलं.

खरेदी बंद केली का? नाही. तिला नियम लावला. कॅलेंडरवर चाललेल्या दिवसाला खूण. महिन्यात वीस खुणा झाल्या तर एक खरेदी, पाचशे रुपयांच्या आत. रात्री नऊनंतर काही मागवायचं नाही. आणि आणलेलं त्याच आठवड्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं किंवा बघायचं. एकोणीस खुणा झाल्या तर? तर काही नाही. पगाराच्या दिवसाची वाट पाहण्यातली जुनी गंमत मला अशी परत मिळाली.

मुलं म्हणतात, “आजोबा, सगळं फोनवर मिळतं.” मिळतं ना. पण सगळं मिळतं म्हणून मी तिसऱ्या ओळीला पुढचं गाणं लावतो. महिनाभर चालून आणलेलं गाणं असं पुढे ढकलत नाही. पहिल्या बक्षिसात मी ‘गीतरामायण’ नव्याने घेतलं. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून वर्षभर गाजलेली गदिमा आणि बाबूजींची ती ५६ गाणी मी फेऱ्यांवर वाटून ऐकली.

सिनेमांचं कपाटही उघडलं. ती तेवीस पार्सलं एकेक करून सोडवली. शनिवारी संध्याकाळी माझ्या घरी सहा-सात जण जमतो. डीव्हीडीवर ‘घरगुती वापरासाठी’ असं लिहिलेलं असतं, म्हणून सोसायटीच्या हॉलचा हट्ट धरला नाही. १९६५ चा ‘साधी माणसं’ पाहिला, तेव्हा नव्या पिढीतल्या सूनबाईंना कळलं, की ‘आनंदघन’ म्हणजे लताबाईच. १९५१ चा ‘अलबेला’ लावला, तेव्हा भगवानदादांबरोबर अण्णा सोफ्यावरून उठले. सत्तरीचा मोटरमन, गुडघ्याला पट्टा, आणि तरी खांदे उडवतोय! गिरणीत काम केलेल्या त्या दादरच्या माणसाने शिकवलेली ही स्टेप कोणालाही जमते. तोही व्यायामच.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. कंपाउंड बंद झालं, तेव्हा आपण गच्चीवर पाळ्या लावल्या, आठवतं? ते दिवस मला एकट्याला काढावे लागले असते, तर माझं काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही. सहा-दहाची पाळी माझी आणि अण्णांची होती, एवढंच आठवतो.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपदेश करत नाही. एक विनंती करतो. आपल्यापैकी कोणी अचानक भांडखोर झालं, फार गप्प झालं, दारात पार्सलांची रास दिसली, तर नावं ठेवू नका. बेल वाजवा. “चला” म्हणा. आणि ज्याला सांगायला कोणीच नाही, त्याच्यासाठी सरकारचा ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कृपया तो नोटीस बोर्डावर कायमचा लावावा.

दहा मिनिटं संपली. कॅसेटची बाजू संपल्यासारखे सचिव उभे राहिले आहेत. जाता जाता पाच वर्षांनंतरचं माझं पत्र क्रमांक पंधरा त्यांच्या हातात देतो. विषय : मागच्या बाजूचा दिवा पहाटे सहाच्या आधीच बंद केला जातो. थंडीत तेव्हा अंधार असतो. आता आम्ही नऊ जण चालतो. तरी दिवा सातपर्यंत चालू ठेवावा, ही नम्र विनंती.

टाकीबद्दल एक शब्दही बोललेलो नाही, याची नोंद घ्यावी. आपल्या सोसायटीला सुवर्णमहोत्सवाच्या आत्ताच शुभेच्छा.